वाचकांचे प्रश्न : जुना मॅनेजर, मोठा क्लब

गेल्या महिन्यात फुटबॉलवरची जी पत्रं आली, त्यातली निम्मीअधिक एकाच विषयावर आहेत. आपल्याकडून गेलेला मॅनेजर आता एखाद्या मोठ्या क्लबकडे जाणार अशी कुजबुज सुरू झाली की चाहत्यांत जे रण पेटतं, तो विषय. क्लबांची आणि मॅनेजरांची नावं तुम्ही सगळ्यांनी कळवली आहेत, पण मी ती इथे घेत नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत बातमी पार बदललेली असेल, आणि तुमचे प्रश्न मात्र तसेच राहतील.

प्रश्न : आमच्या क्लबला तळातून वर काढणारा मॅनेजर दोन हंगामांपूर्वी गेला. आता एका फार मोठ्या क्लबच्या यादीत त्याचं नाव आहे म्हणतात. आमच्या मित्रांत सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, तुटपुंज्या पैशांत ज्याने एवढं केलं, त्याला पैसा मिळाला तर तो काय करेल! दुसरा म्हणतो, मोठ्या खेळाडूंची ड्रेसिंग रूम त्याला झेपायची नाही. मी पहिल्या तटातला. आमचा संघ मागे थांबून खेळायचा, बरेचसे गोल काउंटरवर (चेंडू हिसकावून लगेच केलेल्या प्रतिहल्ल्यात) व्हायचे, पण बघायला मजा यायची. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : दोन्ही तट एक गोष्ट गृहीत धरून भांडताहेत, की मोठ्या क्लबमध्ये कामही तेच असतं, फक्त आकाराने मोठं. मला हे पटत नाही. काम निराळं असतं, आणि ते किती निराळं असतं हे मी माझ्याच क्लबच्या माणसाच्या बाबतीत पाहिलंय.

मी इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबची चाहती. डेव्हिड मॉयेस आमच्याकडे ११ वर्षं होते. ८ मे २०१३ ला मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी युनायटेडने मॉयेसचं नाव पुढे केलं, सहा वर्षांच्या करारासह. तुमच्या पहिल्या तटाचं वाक्य तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी होतं. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक हंगामही पुरा झाला नाही आणि एप्रिलमध्ये त्यांना काढलं, युनायटेड सातव्या क्रमांकावर राहिलं. पण ते कसं झालं हे बघायचं असेल तर एकच सामना पुरे : ९ फेब्रुवारी २०१४, युनायटेडचं घरचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, समोर गुणतक्त्यात अगदी तळाला असलेला फुलहॅम.

त्या दिवशी युनायटेडने ऐंशीहून जास्त क्रॉस, म्हणजे बाजूवरून गोलसमोर टाकलेले चेंडू, टाकले. होय, एका सामन्यात. चेंडू बाजूला द्यायचा, बाजूवरून आत टाकायचा, फुलहॅमच्या बचावफळीने डोक्याने बाहेर काढायचा, की पुन्हा बाजूला. फुलहॅमच्या बचावात डॅन बर्नसारखा उंच गडी उभा होता, आणि असे चेंडू त्याने दिवसभर काढले असते. तरीही ७८व्या मिनिटाला व्हॅन पर्सीने बरोबरी केली, दोन मिनिटांनी कॅरिकने आघाडी मिळवून दिली, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत फुलहॅमच्या डॅरेन बेंटने ती पुसून टाकली. २-२. फुलहॅमचे प्रशिक्षक कोण होते? रेने मूलनस्टीन. फर्ग्युसन यांच्या काळात युनायटेडचं रोजचं प्रशिक्षण बघणारे, आणि मॉयेस आल्यावर क्लब सोडून गेलेले तेच.

आता हाच क्रॉस एव्हर्टनमध्ये आठवा. डावीकडून लेटन बेन्स आणि पिनार यांनी जोडीने पुढे सरकायचं, बेन्सने चेंडू आत टाकायचा, आत आधी टिम केहिल आणि नंतर फेलायनी. आमचं निम्मं पोट त्यावर भरायचं. ते चालायचं, कारण समोरचा संघ आमच्याविरुद्ध जिंकायला म्हणून पुढे आलेला असायचा. त्याचा फुलबॅक (बाजूचा बचावपटू) वर गेलेला, गोलसमोरच्या पेटीत जागा मोकळी. ओल्ड ट्रॅफर्डवर जिंकायला म्हणून कोण पुढे येतं? समोरचे दहाच्या दहा जण आपल्या पेटीपाशी उभे राहतात. क्रॉस तोच, टाकणाराही तितकाच चांगला, पण आत एकाला तीन. मॉयेस यांची समज कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना अकरा वर्षांत जे प्रश्न रोज पडले, त्यांची उत्तरं त्यांच्यापाशी होती. इथे प्रश्नच वेगळे होते.

आणखी एक. एव्हर्टनला असताना लीगमध्ये युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी यांच्या मैदानांवर मॉयेसना एकदाही विजय मिळाला नव्हता. आम्ही ते 'आपल्या बजेटात एवढंच' म्हणून सोडून द्यायचो. ते गेले त्याच वर्षी, ४ डिसेंबर २०१३ ला, रॉबर्टो मार्टिनेझच्या एव्हर्टनने ओल्ड ट्रॅफर्डवर १-० ने सामना जिंकला, १९९२ नंतर पहिल्यांदा. खेळाडू बरेचसे तेच होते. पलीकडच्या डगआउटमध्ये (मॅनेजर आणि राखीव खेळाडूंच्या जागेत) मॉयेस उभे होते. तो विजय मला अतोनात आवडला आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

वेळेचा मुद्दा तर चाहते बोलतच नाहीत. ग्रॅहम पॉटर यांच्या ब्राइटनला युरोपातले सामने नव्हते. शनिवारी सामना, मग पुढच्या शनिवारपर्यंत अख्खा आठवडा शिकवायला मोकळा. त्यांचा संघ सामना चालू असताना रचना बदलायचा, कधी मागे तीन, कधी चार. ते एका दिवसात येत नाही, मैदानावर तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये ते चेल्सीला गेले. तिथे आठवड्याच्या मधोमध चॅम्पियन्स लीग, मग कतारच्या विश्वचषकासाठी अर्धा संघ बाहेर, आणि जानेवारीत नव्या खेळाडूंची रांग. सामना, प्रवास, विश्रांती, की लगेच पुढचा सामना. शिकवायचं कधी?

त्यात त्या जानेवारीत युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) नियमाप्रमाणे चॅम्पियन्स लीगच्या यादीत नवे तीनच खेळाडू घालता येत होते. पॉटर यांनी एन्झो फर्नांडेझ, मुद्रिक आणि जुवाव फेलिक्स यांना घेतलं. बाद्याशील लीगमध्ये नियमित खेळत होता, तो बाहेर राहिला. ओबामेयांगचं नाव होतं ते काढावं लागलं. छोट्या क्लबात मॅनेजर खेळाडूला सुधारतो. मोठ्यात त्याच्या दिवसाचा मोठा भाग खेळाडूला 'तू नाहीस' हे सांगण्यात जातो, आणि ते ऐकणारा माणूस विश्वचषक जिंकून आलेला असू शकतो. तुमचा दुसरा तट ड्रेसिंग रूमबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात हे असेल, तर त्याचं चूक नाही. पण त्यावरून 'झेपायची नाही' असा निकाल आधीच देता येत नाही.

कारण व्हिन्सेंट कोंपनी आहेत. २०२३-२४ मध्ये त्यांचा बर्नली प्रीमियर लीगमध्ये २४ गुणांवर एकोणिसावा आला आणि खालच्या लीगमध्ये गेला. त्यानंतर लगेच बायर्न म्युनिकने त्यांना नेमलं, तेही राल्फ रांगनिक यांनी जाहीर नकार दिल्यावर. लोक हसले. पुढच्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, बायर्न बुंडेसलीगाचा विजेता. मला यात नवल वाटत नाही. बर्नलीने त्याआधी चॅम्पियनशिप, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग, १०१ गुणांनी जिंकली होती, आणि ती चेंडू आपल्याकडे ठेवून, समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात कोंडून. म्हणजे बायर्नमध्ये दर आठवड्याला जे करायचं असतं, ते कोंपनी यांनी एक अख्खं वर्ष करून पाहिलं होतं. प्रीमियर लीगमध्ये ते त्यांना बर्नलीचे खेळाडू घेऊन जमलं नाही. शिवाय खेळाडू म्हणून मँचेस्टर सिटीचे ते कितीतरी वर्षं कप्तान होते, मोठी ड्रेसिंग रूम त्यांना नवी नव्हती.

म्हणून तुमच्या माणसाबद्दल मी एवढंच बघेन : समोरचा संघ मागे बसला, चेंडू आपल्याकडेच दिला, की त्याचे संघ काय करतात? तुम्हीच लिहिलंय, संघ मागे थांबायचा आणि गोल काउंटरवर व्हायचे. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते, मला ही बदली आत्ता योग्य वाटत नाही. त्याने आधी असा एक क्लब घ्यावा जिथे निदान निम्म्या सामन्यांत चेंडू त्याच्या संघाकडे असेल. तुमच्या पहिल्या तटाला हे रुचणार नाही, पण त्याच्यावर प्रेम आहे म्हणूनच हे म्हणतेय.

प्रश्न : तो गेला तर आमच्या क्लबला नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर : नाही. तो आत्ता ज्या क्लबच्या करारात असेल, त्याला मिळेल. तुमच्याकडून तो गेला तेव्हा जे मिळायचं ते मिळून गेलं.

प्रश्न : मोठ्या क्लबकडे गेल्यावर तो आमचेच खेळाडू उचलेल अशी धास्ती वाटते. आमच्या मिडफिल्डरचं नाव आत्तापासूनच त्याच्यासोबत घेतलं जातंय.

उत्तर : धास्ती खरी आहे. मॅनेजर नव्या जागी गेला की पहिल्या उन्हाळ्यात ओळखीचा माणूस शोधतो. ब्रेंडन रॉजर्स २०१२ मध्ये स्वान्सीहून लिव्हरपूलला गेले आणि मागोमाग जो ॲलनला घेऊन गेले. मॉयेस यांनी तर ऑगस्ट २०१३ मध्ये बेन्स आणि फेलायनी या दोघांसाठी मिळून २.८ कोटी पौंडांचा प्रस्ताव पाठवला होता. एव्हर्टनने जाहीरपणे तो अपमानास्पद ठरवला. ज्या माणसाला आमच्या क्लबची पै न् पै माहीत होती, त्याच्याकडून तो आकडा येणं मला फार लागलं. फेलायनीच्या करारात २.३५ कोटींचा रिलीज क्लॉज होता (तेवढे पैसे दिले की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो), त्याची मुदत जुलैअखेर संपली, आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद होण्याच्या दिवशी युनायटेडने २.७५ कोटी मोजले. बेन्स राहिला. पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या गुडिसन पार्क मैदानावर मॉयेसविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला, पेनल्टीवर. आम्ही २-० ने जिंकलो आणि दोन दिवसांनी मॉयेस यांची नोकरी गेली.

पण खेळाडूंपेक्षा मी तुम्हाला दुसरीकडे लक्ष ठेवायला सांगेन. तुमच्या माणसाबरोबर काम केलेले कोण कोण अजून तुमच्या क्लबात आहेत? सहायक प्रशिक्षक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, खेळाडू हेरणारी मंडळी. पॉटर चेल्सीला गेले तेव्हा बिली रीड, ब्यॉर्न हॅमबर्ग, ब्रुनो, गोलरक्षकांचे प्रशिक्षक बेन रॉबर्ट्स आणि खेळाडूंच्या निवडीत काम करणारे काइल मकॉले असे पाच जण एका झटक्यात गेले. काही आठवड्यांनी भरतीप्रमुख पॉल विनस्टनलीही चेल्सीत. चाहत्यांच्या तोंडी यातली किती नावं होती? खेळाडू गेला की त्याचे पैसे येतात, आणि त्याच्या जागी कोण हवा हे जाणणारा माणूस क्लबात असतो. तो जाणणाराच गेला तर?

ब्राइटन सावरला, कारण पुढच्या खेळाडूंची आणि पुढच्या मॅनेजरचीही यादी क्लबापाशी तयार होती. ती कुणा एकाच्या डोक्यात नव्हती. रॉबर्टो डी झर्बी आले आणि त्याच हंगामात संघ सहावा येऊन इतिहासात पहिल्यांदा युरोपात गेला. तुमच्या क्लबात ती यादी कोण ठेवतं, ते विचारा. जाहीर सभा होते तिथे विचारा, पत्र लिहून विचारा.

प्रश्न : तो मोठ्या क्लबबरोबर आमच्या मैदानावर आला तर त्याची हुर्यो उडवायची की टाळ्या वाजवायच्या? आमच्यात यावरून अबोला झालाय.

उत्तर : अबोला धरण्याइतकं यात काही नाही, पण प्रश्न मी गंभीरपणे घेते.

२९ ऑक्टोबर २०२२ ला पॉटर चेल्सीला घेऊन ब्राइटनच्या मैदानावर आले. नाव घेताच हुर्यो. पाचव्या मिनिटाला ट्रोसार्डचा गोल, मग चेल्सीचे दोन स्वयंगोल, मध्यंतरालाच ३-०, शेवटी ४-१. लोकांचा राग मला समजतो. लीगमध्ये चौथ्या क्रमांकावर असलेला संघ भर हंगामात सोडून ते गेले, आणि बरोबर अर्धं प्रशिक्षण खातं घेऊन गेले. त्या दिवसाची हुर्यो मला चुकीची वाटली नाही. पण याच माणसाने ब्राइटनला आधीच्या हंगामात ५१ गुणांनी नववं केलं होतं. सामना संपल्यावर, ४-१ ने जिंकल्यावर, दोन टाळ्या वाजवायला काय हरकत होती?

तुमचा माणूस तर तुम्हाला सोडून थेट त्या क्लबकडे जात नाहीये. मध्ये दोन हंगाम गेलेत. तो कुणाच्या ताटातलं ओढून नेत नाहीये. हॅरी रेडनॅप २००४ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्ट्समथ सोडतात आणि डिसेंबरमध्ये थेट साउदॅम्प्टनला, म्हणजे शेजारच्या हाडवैऱ्याकडे जातात, तिथे राग वेगळा. (तेही वर्षभरात परत पोर्ट्समथला आले आणि २००८ मध्ये त्यांनी एफए कप जिंकून दिला, आणि तो जिंकल्यावर त्याच चाहत्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको.) मी तुमच्या जागी असते तर सामन्याआधी टाळ्या वाजवल्या असत्या आणि शिट्टी झाली की त्याच्या संघाला नव्वद मिनिटं श्वास घेऊ दिला नसता.

एक मात्र करू नका. २० एप्रिल २०१४ ला गुडिसनवर एक प्रेक्षक मृत्यूदूताचा काळा झगा घालून, हातात कोयता घेऊन मॉयेस यांच्या मागे उभा राहिला होता आणि तो त्यांच्या दिशेने पुढे करत होता. सगळीकडे ते फोटो छापून आले. अकरा वर्षं आमच्यासाठी राबलेल्या माणसाशी असं वागायला नको होतं.

प्रश्न : मोठ्या क्लबमध्ये जो अपयशी ठरतो तो मुळात मोठा नव्हताच, असं माझा भाऊ म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : भावाला प्रागची रात्र आठवायला सांगा. ७ जून २०२३, युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची अंतिम लढत, वेस्ट हॅम विरुद्ध फियोरेंतिना. ९०व्या मिनिटाला जॅरड बोवेन एकटा पुढे धावत गेला आणि २-१. १९८० च्या एफए कपनंतर वेस्ट हॅमचा पहिला मोठा चषक. मॅनेजर डेव्हिड मॉयेस. युनायटेडनंतर रेआल सोसिएदाद झालं, संडरलँडबरोबर ते खालच्या लीगमध्येही गेले, आणि तरी तिथवर पोहोचले. जानेवारी २०२५ मध्ये ते आमच्याकडे परत आले तेव्हा आम्ही खालच्या लीगमध्ये जाण्याच्या काठावर होतो. मेमध्ये तेरावे आलो. गुडिसनवरचा पुरुष संघाचा अखेरचा सामना, १८ मे २०२५, साउदॅम्प्टनवर २-०, तोही त्यांच्याच हाताखाली झाला.

उनाई एमरींचंही बघा. पॅरिस आणि आर्सेनल दोन्ही ठिकाणांहून त्यांना जावं लागलं, आणि व्हिलारियालला युरोपा लीग त्यांनीच जिंकून दिली, ॲस्टन व्हिला त्यांनीच उभा केला. 'अपयशी' म्हणताना 'कुठल्या कामात' हे भावाला सांगता यायला हवं.

प्रश्न : तो गेलाच, तर आमच्या दोन तटांत कोण बरोबर होतं हे कधी ठरवायचं? आम्ही नाताळपर्यंतची मुदत ठेवलीय.

उत्तर : नाताळ फार लवकर होतो, आणि नुसत्या क्रमांकावरून तर ठरवूच नका. युर्गन क्लोप यांच्या पहिल्या हंगामात लिव्हरपूल आठवं होतं. मिकेल आर्तेता यांचं आर्सेनल लागोपाठ दोनदा आठवं आलं. उलट ब्रायन क्लफ यांना १९७४ मध्ये लीड्सने ४४ दिवसांत घालवलं, आणि त्या ४४ दिवसांवरून क्लफ यांची किंमत ठरवली असती तर नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या दोन युरोपियन कपांचं काय करायचं?

मार्चपर्यंत थांबा. तोवर तळातल्या संघांशी घरच्या मैदानावरचे पाच-सहा सामने होऊन गेलेले असतील. ते सामने पूर्ण बघा, हायलाइट्स नकोत. साठाव्या मिनिटाला ०-० असताना त्याचा संघ काय करतो ते बघा : तोच चेंडू त्याच बाजूने आत टाकत राहतो, की कुणी आतल्या जागेत धावायला लागतं, कुणी बचावपटूला ओढून बाहेर आणतो? बदली खेळाडू उतरवल्यावर खेळ बदलतो की नुसते पाय ताजे होतात? ऑक्टोबरमध्ये जे जमत नव्हतं ते फेब्रुवारीत थोडं तरी जमायला लागलं असेल, तर तुमचा पहिला तट जिंकला, मग क्रमांक नववा का असेना.